शहाणी पोरं हलत नाहीत

मी वॉर्डात शिरले की पोरं गप होतात. हे मी मिरवायचे. नव्या मुली कामाला लागल्या की त्यांना दारात उभं करून दाखवायचे, "बघा, आवाज चढवला का? डोळे वटारले का? नुसती आत आले." सव्वीस वर्षं झाली मला या कामात. उगाच नाही सगळे मला मोठ्या ताई म्हणत.

आमचा वॉर्ड आठ खाटांचा. जी पोरं बरी होणार नाहीत असं डॉक्टरांनी आईबापांना समोर बसवून सांगितलेलं असतं, ती आमच्याकडे येतात. लोकांना वाटतं इथे नुसती रडारड असेल. कसली रडारड! पत्ते चालतात, भांडणं चालतात, खिडकीच्या काचांना रंग फासले जातात, आणि मग मी ओरडते. आमचं काम एकच, पोराला दुखू द्यायचं नाही. बरं करणं आमच्या हातात नाही, पण हे आहे. दर तासाला प्रत्येक खाटेपाशी जायचं, पोर कसं आहे ते बघायचं आणि पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर लिहून सही करायची. तक्ता मोठी सिस्टर लिहिते, म्हणजे मी. दुखण्यावरचं जालीम औषध कुलपात असतं, त्याला दोन सह्या लागतात. द्यायचं मी, आणि दुसरीनं शेजारी उभं राहून बघायचं. त्यामुळे आईबापांना औषध देणारा हात कायम माझाच दिसतो. मागे सगळी धावाधाव कुणी केली ते त्यांना कुठून कळणार? पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. घोळ झाला म्हणणंही खोटंच म्हणा. मी केला.

एका सकाळी मेट्रनबाईंनी बोलावलं. बाई सहसा हसत नाहीत, त्या दिवशी हसत होत्या. म्हणाल्या, "बसा. तुमचं नाव लागलंय." सगळ्या इस्पितळांतून मिळून वर्षाला एकाच नर्सला मिळतो तो सन्मान, आजारी मुलांच्या उत्कृष्ट शुश्रूषेसाठीचा. आमच्या वॉर्डाला आजवर कधी मिळाला नव्हता. जिथून पोर बरं होऊन घरी जात नाही, तिथल्या नर्सला बक्षीस कसलं द्यायचं, असंच वाटत असणार वरच्यांना. मला इतका आनंद झाला की मी चक्क टेबलावर थाप मारली.

"एका आईनं पत्र लिहिलंय तुमच्याबद्दल," बाई म्हणाल्या. "समितीनं तक्ता काढून पडताळूनही बघितलं. अगदी तंतोतंत जुळतंय."

पत्र ठकूच्या आईचं होतं. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि मी टेबलावरचा हात काढून घेतला.

ठकू सहा वर्षांची. हाडांत पसरलेला आजार. बोलायला चुरुचुरु, रुसायला पहिली, आणि माझी लाडकी. होय, असतात लाडकी, कुणी कितीही नाही म्हणो. ज्या दुपारबद्दल ते पत्र होतं ती मला चांगली आठवत होती. तिच्या आईनं दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. एक वाजता मी ठकूचं अंग पुसलं, चादर बदलली. आई खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती, पोरीचा हात हातात धरून. मी ठकूच्या कपाळावरून हात फिरवला आणि नेहमीचं बोलले, "शहाणी ना माझी बाय? आईला झोपू दे जरा. शहाणी पोरं हलत नाहीत." ठकूनं डोळे मिटले. आई झोपली.

एक वाजता मी लिहिलं, शांत झोपली आहे. दोन वाजता लिहिलं, शांत झोपली आहे. तीन वाजता खाटेजवळ गेलेही नाही नीट, दारातूनच बघितलं आणि तेच लिहिलं.

तेवढ्यात नवीन आली. तिला आम्ही नवीनच म्हणतो. वर्ष होऊन गेलं तरी नाव चिकटलंय. म्हणाली, "ताई, ठकू झोपलेली वाटत नाहीये मला."

"मग काय नाचतेय?"

"नाही. पण फारच गप आहे."

"अगं, गप आहे म्हणजे बरं आहे. झोपलेल्या पोराला उठवायचं नसतं, एवढं तरी शिकवलंय का तुम्हाला? जा, औषधांची गाडी लाव." माझ्या मनात आलं, कालची पोर, चालली मला अक्कल शिकवायला.

पाऊण तासानं बघते तर ही बाई ठकूच्या खाटेशी उभी राहून साबणाचे फुगे उडवतेय! कामाच्या वेळी! मी तरातरा गेले. तिनं मागे वळून न बघताच हळू आवाजात सांगितलं, "ताई, बघा. डोळे फुग्यामागे गेले. मान नाही गेली."

मी चादर वर केली. ठकूच्या पायाची बोटं आत आवळलेली, पोटऱ्या दगडासारख्या. पोर झोपलेली नव्हती. हललं की कळ येते म्हणून श्वास चोरून पडून होती. कधीपासून? माझ्या हातचा तक्ता समोर लटकत होता. एक, दोन, तीन.

मग काय, पळापळ. डॉक्टरांना फोन नवीननं केला, कुलूप मी काढलं, दोघींनी सह्या केल्या, औषध मी दिलं. त्याच वेळी आई दचकून जागी झाली. "काय झालं? सिस्टर, काय झालं?"

आणि मी म्हणाले, "दुखत होतं तिला. माझ्या लक्षात आलं."

माझ्या लक्षात आलं! नवीन शेजारी उभी होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा औषधाच्या नळीकडे बघायला लागली. मग मी तक्ता घेतला आणि चारच्या रकान्यात लिहिलं, निरीक्षणात तीव्र वेदना आढळली, डॉक्टरांना कळवले. खाली माझी सही, छान वळणदार. ठकू पुढे अकरा दिवस होती. त्या अकरा दिवसांत तिला काही दुखलं नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. पण त्यानं ते तीन तास काही पुसले जात नाहीत.

पत्रात आईनं लिहिलं होतं, "मी तिथेच बसून झोपले होते. जे माझ्यासारख्या जन्मदात्रीला दिसलं नाही ते सिस्टरना दिसलं." मेट्रनबाई म्हणाल्या, "डोळे भरून आले ना? साहजिक आहे." मी मान हलवली. तेव्हाच सांगायचं होतं. एक वाक्य होतं हो! पण मी पत्राची घडी घातली आणि विचारलं, "कार्यक्रम किती वाजता?"

पुढचे तीन आठवडे मी स्वतःशी वकिली करत काढले. आता खरं सांगून कुणाचं भलं होणार? पोर गेली. आईला निदान एवढं समाधान आहे की वेळेवर कुणीतरी बघितलं. तिला जाऊन सांगायचं, बाई गं, तुझी पोर तीन तास तशीच पडली होती? हा कसला खरेपणा? झाकली मूठ झाकलेलीच बरी. शिवाय सन्मान वॉर्डाला मिळतोय, माझं काय मोठंसं? असं सगळं. आणि हे बोलून झालं की मी कार्यक्रमाला कुठली साडी नेसायची त्याचा विचार करायचे. लाज वाटते सांगायला, पण करायचे.

आदल्या दिवशी नवीनला गाठलं. "तू कुणाला काही बोलली नाहीस?"

"कशाबद्दल, ताई?"

"कशाबद्दल ते तुला माहितेय."

ती सुया मोजत होती. मोजणं चुकू नये म्हणून बोट तिथेच ठेवून म्हणाली, "ठकूला औषध मिळालं ना ताई. झालं की." तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मी भांडले असते, मोकळी झाले असते. टोमणा नव्हताच. दुसऱ्या दिवशी सगळा स्टाफ माझ्यासाठी सभागृहात येणार होता. वॉर्डात कोण थांबणार विचारलं तर हिनंच हात वर केला.

कार्यक्रम कार्यक्रमासारखा झाला. माईक खरखरला, पाहुणे उशिरा आले, माझी ओळख करून देणाऱ्या गृहस्थांनी मला तीनदा "करुणेची मूर्ती" म्हटलं. माझ्या हाताखालच्या मुली फिदीफिदी हसल्या असतील. मूर्ती म्हणे! मग त्यांनी पत्र वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ठकूची आई तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती, मांडीवर पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. "जे मला दिसलं नाही ते सिस्टरना दिसलं" हे वाक्य आलं तेव्हा तिनं मान खाली घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात ना, तसं मला झालं, पण भुई काही दुभंगत नाही. मी पुढे गेले, काचेचं ते मानचिन्ह घेतलं आणि माईकवर म्हणाले, "हे माझं एकटीचं नाही, सगळ्यांचं आहे." सगळ्यांना वाटलं, किती हा नम्रपणा! आयत्या बिळावरच्या नागोबाला कुणी नम्र म्हणत नाही, पण मला म्हणाले.

चहाच्या वेळी ती आली. मी दोन-तीन घोळक्यांतून निसटायला बघितलं, पण तिनं मला गाठलंच. जिन्याखाली बाकडं होतं, तिथे बसलो.

"सिस्टर, एक विचारायचं होतं. म्हणूनच आले, नाहीतर मला गर्दी सोसत नाही हल्ली." तिनं माझा हात हातात घेतला. "तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"की ती झोपलेली नाही. काय दिसलं तुम्हाला? मला शिकवा. माझा धाकटा आहे ना घरी, दोन वर्षांचा. तो झोपला की मी नुसती बघत बसते. वाटतं, हा झोपलाय की तसाच पडलाय? मग मी त्याला हलवून जागं करते. रात्रीतून चार-चार वेळा. ते बिचारं रडतं. हे चिडतात, सासूबाई म्हणतात, हिला वेड लागलं. लागलं असेल. पण मी आई असून त्या दिवशी झोपले ना. तुम्ही नसता तर?" तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. "तुम्हाला जे दिसलं ते मला सांगा, म्हणजे मी त्याला झोपू देईन."

तीन आठवडे मी जी वकिली केली होती ती तिथल्या तिथे कोसळली. हिला म्हणे समाधान! कसलं समाधान? माझ्या त्या एका वाक्यानं हिला आयुष्यभरासाठी गुन्हेगार करून ठेवलं होतं. सिस्टरला दिसलं आणि आईला नाही. दोन वर्षांचं पोर त्यापायी झोपेतून उठवलं जात होतं, आणि मी साडीला पिना लावत होते.

"मला नाही दिसलं," मी म्हणाले.

तिला कळलंच नाही. "नाही, त्या दुपारी..."

"त्या दुपारचंच सांगतेय. मला नाही दिसलं. नवीन म्हणून एक नर्स आहे आमच्याकडे, तिला दिसलं. ती मला सांगायला आली तर मी तिला हाकललं. तुम्ही जाग्या झालात तेव्हा मी खोटं बोलले. तक्त्यावर पण खोटं लिहिलं."

"मग त्याच्या आधी?"

"आधी एकला, दोनला आणि तीनला मी लिहिलं होतं, शांत झोपली आहे."

"तीनदा?"

"तीनदा."

तिनं आपला हात काढून घेतला. झटकला नाही, नुसता काढून घेतला आणि पिशवीवर ठेवला. मग म्हणाली, "मी आई आहे. मी दमले होते. मला नाही कळलं. तुम्हाला कळायला हवं होतं."

"हो."

"आणि आत्ता वर उभ्या राहून टाळ्या घेतल्यात."

"हो."

सव्वीस वर्षांत मला कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं, आणि एकही अक्षर चूक नव्हतं. ती उठली. "कुठे आहे ती? मला तिला भेटायचंय."

नवीन वॉर्डालगतच्या चादरींच्या खोलीत घड्या घालत होती. आम्हाला बघून तिच्या हातातली चादर अर्धीच राहिली. माझा चेहरा बघून ती काय ते समजली असावी. "ताई, काय गरज होती?" असं पुटपुटली.

ठकूच्या आईनं तोच प्रश्न तिला विचारला. कसं कळलं?

"फुगे उडवले," नवीन म्हणाली. "तिला फुगे आवडायचे. डोळे मागे गेले, मान गेली नाही. झोपलेलं पोर सैल असतं हो. हात उचलला तर लोंबतो, तोंड उघडं असतं, मधेच कूस वळतं. ती आवळून पडली होती. मग मी कानाशी जाऊन विचारलं, दुखतंय का? तर हो म्हणाली. अगदी हळू. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस गं राणी? तर म्हणाली, आई झोपलीय. आणि..."

इथे ती थांबली. माझ्याकडे बघितलं आणि पटकन चादर उचलून घडी घालायला लागली.

"आणि काय?" आईनं विचारलं.

"काही नाही. एवढंच. आई झोपलीय म्हणाली."

ठकूची आई तिथल्या गाठोड्यावर मटकन बसली. "माझ्यासाठी," ती म्हणाली. "मी झोपावं म्हणून पडून राहिली ती. माझ्यामुळे."

नवीन खाली मान घालून घड्या घालत होती. मला वाचवत होती. आणि तेव्हा मला कळलं की त्या "आणि"च्या पुढे काय आहे. मला आजवर वाटत होतं, माझी चूक एवढीच की मी बघितलं नाही. तेवढं कबूल करून मी जिन्याखालीच मनातून थोडी हलकी झाले होते, बघा. मोठं मन केलं म्हणून स्वतःची पाठ पण थोपटली असेन.

"पूर्ण सांग, नवीन," मी म्हणाले.

"ताई, राहू दे ना."

"पोर काय म्हणाली ते पूर्ण सांग."

तिनं चादर खाली ठेवली. "म्हणाली, मोठ्या ताईंनी सांगितलंय. शहाणी पोरं हलत नाहीत."

खोलीत धुतलेल्या कापडांचा वास भरून होता. मी ठकूच्या आईसमोर खाली फरशीवर बसले, माझे गुडघे दुखतात तरी. "तुमच्यामुळे नाही," मी म्हणाले. "माझ्यामुळे. मी तिला हलू नको म्हटलं. तिनं ऐकलं. तुम्ही नुसत्या झोपला होतात, माणूस दोन रात्रींनी झोपतं. घरी जा आणि त्या पोराला झोपू द्या. ते सैल असेल, बघा."

तिनं मला मारलं असतं तरी चाललं असतं. ती रडलीही नाही. तिनं नवीनचा हात हातात घेतला, मघाशी माझा घेतला होता तसा, आणि तो सोडला नाही. मग मला विचारलं, "असं सगळ्यांनाच सांगता?"

"काय?"

"शहाणी पोरं हलत नाहीत."

"हो," मी म्हणाले. "सगळ्यांना."

"मग इथे काय बसलाय?" ती म्हणाली. "जा ना."

मी उठले आणि वॉर्डात गेले. दाराबाहेरच टिल्लूची कुरकुर ऐकू येत होती. टिल्लू सात वर्षांचा, दोन नंबरच्या खाटेवरचा. उशी टोचते, पाय नीट नाही, खिडकी बंद करा, ही पत्ते चोरते, अशी यादीच चालली होती त्याची. मी आत पाऊल टाकलं. टिल्लूचं तोंड मिटलं. पाय सरळ झाले, हात अंगालगत आले. शेजारची पत्ते टाकून आडवी झाली. मग तिच्या पलीकडची. एकेक करून सगळी पोरं आपापल्या खाटेवर सरळ झाली, आणि वॉर्डात इतकी शांतता पसरली की माझ्या चपलांचा आवाज मलाच नको झाला.

मी टिल्लूच्या खाटेवर टेकले. "टिल्लू, कुठे दुखतंय का रे?"

"नाही," तो म्हणाला. ओठसुद्धा नीट न हलवता. "मी हललोच नाही, मोठ्या ताई."

मी चादर थोडी वर केली. पायाची बोटं आत आवळलेली होती.

"बाळा, खरं सांग. हललास तरी चालेल. ओरडलास तरी चालेल. मी चुकीचं सांगितलं होतं तुम्हाला. कुठे दुखतंय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून दाराकडे, जिथे नवीन येऊन उभी होती.

"तुम्ही आधी बाहेर जा," तो म्हणाला. "मग मी तिला सांगतो."

मी बाहेर गेले.